ते पाखरू कुठवर गेलं?

॥ श्री चौंडेश्वरी माता ॥

मोहाडी
९ नोव्हेंबर २००३

चि. भूषणभाऊजींना वहिनीचे आशीर्वाद.

तुमचा पत्ता अंकुशकडून मागून घेतला. तुमचा हा शाळेतला मित्र आता पोस्टात आहे, तेव्हा गोष्ट पोटात ठेवेल असं धरून चालते. पत्रात जागा थोडी, म्हणून तब्येतीचं वगैरे विचारत बसत नाही. इकडे सगळे खाऊनपिऊन बरे आहेत.

घरात अजून तुमचं नाव निघत नाही. वडील असून मामाजींनी तसं सांगूनच ठेवलं आहे. तुम्ही नुसते रागावून गेला असता तर एखाद्या सणाला त्यांनी बोलावलं असतं. पण मागावर साडी अर्धी विणलेली होती आणि तुम्ही ताण्याला कात्री लावली. सगळे उभे धागे कापले, पिशवी उचलली आणि बसस्टँडवर गेलात. कोष्ट्याच्या घरात माणसं भांडतात, शिव्या देतात, पण उभ्या ताण्याला कोणी कात्री लावत नाही. मीही कोष्ट्याचीच मुलगी आहे. तेव्हा या बाबतीत तुमची बाजू माझ्याकडून घेतली जाणार नाही.

आता लिहिण्याचं कारण. तुम्ही एका नव्या विमान कंपनीत सामान चढवण्याच्या कामाला लागलात, एवढं अंकुशने सांगितलं होतं. काल किराण्याची साखर ज्या पेपरात बांधून आली, त्यातच त्या कंपनीची बातमी निघाली. फोटोत लहानसं पंख्याचं विमान आणि शेपटीवर चक्क सारस! आपल्या बोडीच्या पाण्यावर धानाच्या दिवसांत जोडी उतरते ना, अगदी तसाच. साखर डब्यात ओतली आणि पेपर घेऊन पडवीत गेले. मामाजी मागावर होते. मी जरा मोठ्यानेच वाचायला घेतलं.

माग थांबला.

"सारस काहून काढला त्यायनं?" मामाजींनी विचारलं.

"कंपनीचं नावच सारस आहे, मामाजी. स्वस्तातलं विमान आहे. साध्या माणसासाठी."

"कुठची कंपनी हाये?"

"बंगलोरची."

मी एवढंच बोलले. पण मामाजी काही लहान नाहीत. तुम्ही बंगलोरची गाडी पकडली हे त्यांना माहीत आहे. सुताचा धोटा न फेकता हातातच धरला आणि म्हणाले, "वाच पुढचं."

पुढचं वाचलं ते मला फार पटलं. मी घराचा जमाखर्च लिहिते म्हणून पटलं असेल. विमान जमिनीवर उभं राहिलं की खातं आणि उडालं की कमावतं. म्हणून तुमचे लोक उतरलेलं विमान झाडूनपुसून लगेच परत उडवतात. चूल पेटलीच आहे तर त्याच लाकडावर भात, वरण आणि अंघोळीचं पाणीही काढून घ्यावं, तसं हे झालं. जेवण देत नाहीत. तिकीट साध्या कागदावर देतात. शेजारच्या कौशल्याबाई म्हणाल्या, "कंजूस दिसते मालक." मला तसं नाही वाटलं. ज्याने हे काढलं त्याच्या आईने घर नेटाने चालवलं असणार.

देवीचा अंगारा पाठवते. विमानाला लावता आला तर लावा. नाही तर तुम्ही लावा.

तुमची वहिनी,
चंद्रकला

॥ श्री चौंडेश्वरी माता ॥

मोहाडी
९ ऑक्टोबर २००५

चि. भूषणभाऊजी,

माझ्या पत्रांना तुमचं उत्तर दोन ओळींचं येतं. तरी येतं, हे बरं आहे. घट बसले आहेत, उपास आहे, हात मोकळा आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आपल्या शेजारच्या कौशल्याबाई परवा बंगलोरहून परत आल्या. त्यांच्या गुड्डीचं बाळंतपण दिवस भरायच्या आधीच आलं आणि रेल्वेने आई वेळेवर पोचणार नाही म्हणून जावयाने तुमच्या विमानाचं तिकीट काढून दिलं. या त्याच कौशल्याबाई, ज्या मला विहिरीवर म्हणत, "तुमचा भूषण तं म्हणे विमानावर हमाली करून राहिला." आता आल्या त्या सरळ आपल्याच ओसरीत येऊन बसल्या. घरी पिशवी टाकायलाही गेल्या नाहीत.

"अवो चंद्रकला, नागपूरले शिडीपाशी गेली, वर पाहतो तं सारस! मले वाटलं, देवाचं वाहन हाये हे, चप्पल घालून कशी चढू? काढली आन् ठेवली बाजूले. मंदिरापाशी ठेवतो तशी."

"आन् मंग?" तुमचे दादा भाकरी तशीच ठेवून ऐकत होते.

"मंग काय राजकुमार, विमान उडालं! मी वर, चपला खाली!"

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण त्यांच्या तोंडून ऐकण्यात मजा होती. म्हणाल्या, उतरून बाहेर आले तर भूषण उभा, कंपनीचा शर्ट घालून. माझ्या पायांकडे पाहिलं, पण हसला नाही. म्हणाला, काकू, तुम्ही गुड्डीकडे जा, बाकी मी पाहतो. त्याने नागपूरला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने चपला आल्या. पिशवीत घालून, वर नावाची चिठ्ठी लावून.

"माह्या चपलेनं एकटीनं विमानाचा प्रवास केला वो! बिना तिकिटाचा! कंजूस म्हटलं होतं ना मी, शब्द वापस घेतो."

त्या तुमचं नाव घेत होत्या तेव्हा मी डोळ्यांनी खुणा करत होते. त्यांचं लक्ष नव्हतं. माग मात्र केव्हाचा थांबला होता. मामाजींनी तिथूनच विचारलं, "पाखरू कसं काढलं हाये? बसलेलं का उडतं?"

"उडतं जी."

"एक का जोडी?"

"एकच हाये."

"सारस कधी एकटा नसते," मामाजी म्हणाले आणि माग पुन्हा सुरू झाला.

गुड्डीला मुलगा झाला. आई वेळेवर पोचली हे डॉक्टरपेक्षा जास्त कामाला आलं, असं ती सगळ्यांना सांगते. भाऊजी, मी फार शिकलेली नाही, मॅट्रिकपर्यंतच. पण मला वाटतं, ज्या बाईने कधी नागपूरच्या पलीकडे पाय ठेवला नव्हता तिला तुम्ही लेकीच्या उशाशी नेऊन बसवलं, हे पुण्याचंच काम आहे. ताणा कापल्याचं मी अजून विसरले नाही. पण दुसऱ्या बाजूला हेही मांडायला हवं.

वहिनी

॥ श्री चौंडेश्वरी माता ॥

मोहाडी
१९ ऑगस्ट २००७

चि. भूषणभाऊजी,

तुम्ही साहेब झालात हे अंकुशने सांगितलं. देवीला नारळ फोडला. नारळ कशाचा, असं मामाजींनी विचारलं नाही. प्रसाद घेतला, आणखी मागितला आणि खाल्ला.

आता तुम्हाला घरातली एक गंमत सांगते. मामाजी रोज संध्याकाळी दिवा लागला की मला विचारतात, "ते पाखरू कुठवर गेलं?" पेपरात तुमच्या कंपनीची नव्या गावाची बातमी असली की मी वाचते. आपल्या तेजूच्या शाळेचा नकाशा घेतो आणि ज्या गावी सारस पोचलं तिथे मामाजी कुंकवाचं बोट लावतात. तेजू ओरडते, "आजोबा, बाई मारतीन मले!" नकाशा आता बराच लाल झाला आहे. जिथे आपली एसटी जाईल एवढा रस्ताही धड नाही, तिथे तुमचं विमान उतरतं, याचं मामाजींना फार नवल. म्हणतात, "पहिले दोन पंख्यावर निघालं होतं, पाहा आता."

तुम्हाला कळलं असेलच. मामाजींना विमानाशी काय करायचं आहे? नाव घ्यायचं नाही असं त्यांनीच ठरवलं आणि चारचौघांत ठरवलं, आता मोडता येत नाही. म्हणून पाखराचं विचारतात. मीही पाखराचंच सांगते. "पाखराला ताप होता मामाजी, आता उतरला." "पाखराने नवी खोली घेतली." परवा तर तुमचे दादा जेवता जेवता म्हणाले, "पाखराचा पगार वाढला का गं?" मला हसू आवरेना. मामाजी रागाने पाहू लागले तसे दादा म्हणाले, "मी सारसाचंच विचारून रायलो, बाबा!"

तेव्हा घरी तुमचं नाव नसलं तरी तुम्ही रोज संध्याकाळी असता. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, पण मामाजींच्या मागे असं लिहिणं मला बरं वाटत नव्हतं.

एक विचारायचं आहे. पेपरात आलं की सारस तोट्यात आहे आणि मोठ्या कंपनीला विकणार. खरं का? एवढ्या स्वस्तात एवढ्या लोकांना नेलं तर तोटा होणारच, मी आधीपासून म्हणत होते की पाण्याचे पैसे घ्या, संकोच करू नका. पण विकू नये असं वाटतं. तुमच्या मालकाला आमचा नमस्कार सांगा.

वहिनी

॥ श्री चौंडेश्वरी माता ॥

मोहाडी
१६ नोव्हेंबर २००८

चि. भूषणभाऊजी,

तुमचं पहिलंच एवढं मोठं पत्र आलं आणि त्यात हे लिहावं?

कंपनी नव्या मालकाकडे गेली, विमानं नव्याने रंगवली, हे आम्ही पेपरात पाहिलं. शेपटीवरचा सारस गेला, सोनेरी पट्टे आले, नाव झालं ऑरेलिया. तुम्ही लिहिता की काउंटरवरचं पाखराचं चित्र तुम्हाला तुमच्याच हाताने खरवडून काढायला लावलं. पण त्यावरून राजीनामा द्यायचा? दुबईला जायचं? आणि वर लिहिता, "परत तरी कोणासाठी येऊ?" मामाजी सत्तरीच्या पुढे गेले, भाऊजी. दुबईहून माणूस केव्हा येतो ते इथल्या दोन घरांनी पाहिलं आहे.

मामाजींना मी नवीन नाव सांगितलं. त्यांनी प्रयत्न केला. "अरेलिया... आरोलिया..." तेजूने तीनदा म्हणून दाखवलं. शेवटी म्हणाले, "तोंडात सुपारी असल्यावानी नाव हाये." आणि नकाशा बाजूला सारला.

त्या दिवसापासून संध्याकाळी ते काहीच विचारत नाहीत. दिवा लावते, थोडी रेंगाळते. ते माझ्याकडे पाहतात, तोंड उघडतात आणि मिटतात. काय म्हणून विचारतील? एवढी वर्षं पाखरू पाखरू म्हणून तुमचं विचारलं, आता तो शब्दच कोणीतरी पुसून नेला. तुमच्या नव्या साहेबांना हे कसं कळावं? त्यांना वाटलं असेल, रंगच तर बदलतो आहोत.

दुबईचं मी अजून सांगितलेलं नाही. माझं एवढं ऐका, माझं पुढचं पत्र येईपर्यंत राजीनामा देऊ नका. वहिनी म्हणून आजवर तुमच्याकडे काही मागितलं नाही.

वहिनी

॥ श्री चौंडेश्वरी माता ॥

मोहाडी
१४ डिसेंबर २००८

चि. भूषणभाऊजी,

पाकीट पाहून दचकला असाल. अक्षर माझंच आहे, पण पाठवणाऱ्याच्या जागी नाव मामाजींचं आहे. ते त्यांनी सांगून लिहायला लावलं. कसं झालं ते सांगते.

गुरुवारी दुपारी तुमचे दादा भंडाऱ्याहून सूत घेऊन आले. मामाजी मागावर होते. मी मनाचा हिय्या केला आणि म्हटलं, "मामाजी, पाखरू दुबईला चाललं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "कोणतं पाखरू? पुसून टाकलं ना त्यायनं. पाखरूच नाही तं जाईन कुठं?"

"असं कसं म्हणता?"

"ज्याचं नाव गेलं ते गेलं. मेलंच समजा."

आता मी या घरात आल्यापासून मामाजींना कधी उलटून बोलले नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, "मग मामाजी, मीही मेली का?"

दादांच्या हातातली सुताची लडी तशीच राहिली. "काय बोलून रायली तू?"

"माझंही नाव बदललंच ना जी. लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीने चंद्रकला लिहिलं. नाव मामाजींनीच काढलं होतं. बाबांनी ठेवलेलं नाव मांडवातच राहिलं. पहिल्या वर्षी विहिरीवर बायका चंद्रकला म्हणून हाका मारायच्या आणि मी वळून पाहायचीच नाही, मला वाटायचं दुसऱ्या कोणाला बोलावतात. माहेरी गेली तर आईसुद्धा चंद्रकला म्हणू लागली. वाईट वाटलं मामाजी, नाही कसं म्हणू? पण मी भात तोच शिजवला. देवीची ओटी तीच भरली. मी मेली नाही."

बोलून गेले आणि मग भीती वाटली. मामाजी माझ्याकडे असे पाहत होते जसं मी आत्ताच दारातून आत आले.

"काय होतं तुझं नाव?"

भाऊजी, ते माझ्या तोंडून लवकर निघेचना. आपलंच नाव, पण परक्या बाईचं सांगावं तसं वाटलं. म्हटलं, "रेणू."

"रेणू," मामाजी म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले. "चांगलं होतं ना बापा. काहून बदललं आपण?"

"मले काय विचारता बाबा? मी तं बाशिंग बांधून उभा होतो. तुमीच म्हणाले होते, बदलावं लागते म्हणून," दादा म्हणाले.

मामाजी हसले. हसता हसता चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसत बसले. त्यांचं पुसणं काही संपेना. आणि मग, चष्म्याकडे पाहतच म्हणाले, "भूषणचं नाव बी मीच ठेवलं होतं."

असं म्हणाले ते. मी खोटं लिहीत नाही, दादा साक्षीला आहेत. मी उठून आत गेले, गॅसवर काही नव्हतं तरी गेले. परत आले तर मामाजींनी मला कागद-पेन घेऊन बसायला सांगितलं.

त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देते. "लिही. राजीनामा देऊ नको म्हणा. मागावरचं अर्ध्यात सोडून गेला होता, ते मी पाहिलं. आता हे बी अर्ध्यात सोडू नको म्हणा. पाखरू पुसलं तं पुसलं. कौशल्याबाईसारख्या बाया अजून चढतेत का त्या विमानात, हे विचार. चढत असतीन तं काम तेच हाये." मग थांबले. मी विचारलं, अजून काही? म्हणाले, "त्या सोनेरी पट्ट्यावाल्यायनं नवीन कपडे देले असतीन. कापड कोणतं हाये ते विचार. उन्हात चिकटत असन तं आतून सुती बनियन घालत जा म्हणा."

आता माझं. मामाजींचं बरोबर आहे. नवीन मालकाची मी वकिली करत नाही. पण तुमच्या जुन्या मालकाने साध्या माणसाला एकदा आभाळ दाखवलं, आता त्याला कोणी परत खाली बसवू शकत नाही. आमच्या गल्लीतच पाहा, गुड्डीच्या घरची माणसं आता विमानाचं असं बोलतात जसं तुमसरच्या गाडीचं. नाव कोणाचंही लागो, हे ज्यांनी उभं केलं त्यांच्यात तुम्ही आहात. शिडीखाली ज्यांनी सामान उचललं त्यांना पुसायला अजून रंग निघालेला नाही.

पुढचं ऐका. अंकुश म्हणतो, तुम्हाला रजेवर कंपनीच्या विमानाने येता येतं. तेव्हा नागपूरला या. पुढच्याच्या पुढच्या रविवारी, दुपारच्या विमानाने. जमत नसलं तर अंकुशच्या पोस्टात फोन करा. मामाजींनी स्वतःच ठरवलं आहे की ते मोहाडीत वाट पाहत बसणार नाहीत, सोनेगावला विमानतळावर येणार. विमानात बसणार नाहीत, हे आधीच बजावलं आहे, तेव्हा तिकीटबिकीट काढण्याच्या भानगडीत पडू नका. एसटीने भंडारा, तिथून नागपूर. दादाही येतात. मी डबा घेते, तिकडचा चहा फार महाग असं कौशल्याबाईंनी सांगितलं आहे.

काल संध्याकाळी दिवा लावला तेव्हा मामाजींना एकच काळजी होती. "रेणू, तिथं इतके विमानं उतरतेत म्हणे. आता त्याच्यावर पाखरू बी नाही. आपलं कोणतं ते समजन कसं?"

मी म्हटलं, "मामाजी, विमान कशाला ओळखायचं? दारातून भूषणभाऊजी बाहेर येतील ना."

जरा विचार करून म्हणाले, "हो. त्याले ओळखतो मी."

वहिनी